ठाणे-नवी मुंबईत इमर्जन्सी नर्स म्हणून हॉस्पिटल निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ताई, दोन ऑफर आल्यात. एक घोडबंदर रोडला, एक वाशीला. कुठली घेऊ?" महिन्यातून दोन-तीन फोन तरी असे येतात. पूर्वी मी आधी पगार विचारायचे. आता पहिला प्रश्न एकच: रात्री तीन वाजता तुझ्या शेजारी कोण उभं असणार आहे, ते बघून आलीस का? बहुतेकींनी फक्त लॉबी बघितलेली असते.

मी चौदा वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नर्स आहे. आधी मनपाच्या कंत्राटावर, मग एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, आता कॉर्पोरेटमध्ये. खालचे प्रश्न त्या फोनांतलेच. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, त्यामुळे माझे पूर्वग्रहही त्यात आलेत.

नुकतीच पास झाले. सुरुवात सरकारी-मनपाच्या रुग्णालयातून करू की खासगीतून?

हात बसायचा तर पेशंट पाहिजेत, आणि पेशंट सरकारी कॅज्युअल्टीत आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, ५०० खाटांचं. पण त्याच्या दारात मुंब्रा-दिव्याबरोबर भिवंडी, शहापूर, मुरबाडकडूनही माणसं येतात. पावसाळ्यात साप चावलेले, लेप्टो, डेंग्यू. दहीहंडीच्या रात्री थरावरून पडलेले गोविंदा. आणि बारा महिने लोकलमधून पडलेले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ बाजूबाजूने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली, ती बातमी देशभर गेली. एकेकटा पडणारा मात्र बातमीशिवाय येतच असतो.

अशा ठिकाणी वर्ष काढलं की बीपी लागत नसलेल्या माणसाचीही शीर सापडायला लागते. नजरही तयार होते: आरडाओरडा करणाऱ्याच्या आधी कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे जायचं, हे कुणी न सांगता कळतं.

दुसरी बाजूही सांगते. एका ट्रॉलीवर दोन पेशंट आणि पलीकडे चार नातेवाईक अंगावर ओरडतायत, अशा वेळी माणूस आडवाटा शिकतो. रेस्पिरेटरी रेट न मोजता "२०" लिहिणं ही त्यातली पहिली. ही सवय एकदा लागली की कॉर्पोरेटच्या चकचकीत चार्टवरही तेच "२०" उमटत राहतं. खासगीत पेशंट कमी, पण प्रोटोकॉल, नोंदी, मॉनिटर, औषधांची डबल चेकिंग हे नीट शिकायला मिळतं. त्याबरोबर सर्दी-तापाच्या पेशंटला "सिस्टर, पाणी आणा" म्हणून ऐकून घेणंही.

माझं मत: पहिली दोन वर्षं जिथे पेशंट भरपूर आणि डोक्यावर एक खमकी सीनियर आहे तिथे. सीनियर नसेल तर पेशंट कितीही असोत, फ्रेशरने जाऊ नये. चुका तिथेही होतात, फक्त त्या चुका होत्या हे सांगायला कुणी नसतं.

हॉस्पिटल बरं आहे की नाही, हे आत न शिरता कसं ओळखायचं?

इंटरव्ह्यू सकाळी अकराला असतो. सकाळी अकराला सगळीच हॉस्पिटलं छान दिसतात. तुम्ही आदल्या दिवशी रात्री नऊनंतर जा आणि कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसा. पेशंटचे नातेवाईक बसतात तसंच. कुणी विचारत नाही.

रिक्षातून छाती धरून कुणी उतरलं तर त्याला पहिला कोण भेटतो ते बघा. वॉचमन, बिलिंगचा मुलगा की सिस्टर? स्ट्रेचर घेऊन मामा (वॉर्डबॉय) धावत येतात की त्यांना शोधावं लागतं? छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलंय. घड्याळ लावून बसा.

"आधी डिपॉझिट भरा" हे वाक्य इमर्जन्सीच्या दारात ऐकू आलं तर मी पुढचं बघतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं की जखमीचा जीव वाचवणं आधी, बाकी सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, डॉक्टर त्याला बांधील आहे. आणि कागदावर काहीही असलं तरी डिपॉझिटचा निरोप नातेवाइकाला द्यायला पुढे सिस्टरलाच ढकलतात. शिव्या बिलिंगच्या मुलाला बसत नाहीत.

आणि आत शिरल्यावर?

इंटरव्ह्यू झाला की म्हणा, "डिपार्टमेंट बघू का?" नकार आला तर तेच उत्तर समजा. होकार आला तर थेट क्रॅश कार्टपाशी, म्हणजे जीव वाचवायच्या औषध-साहित्याच्या ट्रॉलीपाशी, जा. त्यावर चेकलिस्ट लटकलेली असते. महिनाभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनने, एकाच हाताने, एकाच दमात केलेल्या असतील तर कार्ट कुणी उघडलेली नाही. डीफिब (हृदयाला शॉक देणारं मशीन) रोज चार्ज करून बघतात का, त्याची छापील पट्टी दाखवा म्हणा. घशातला स्राव ओढून काढायचं सक्शन मशीन चालू करून बघा. वापरलेल्या सुयांचा, शार्प्सचा डबा गळ्यापर्यंत भरलाय का? हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का?

मग ड्युटीवरच्या सिस्टरला हळूच विचारा, "शेवटचा ऑफ कधी मिळाला?" ती उत्तर देण्याआधी इन्चार्जकडे बघत असेल तर उत्तर मिळालं.

इंटरव्ह्यूत मी प्रश्न विचारले तर त्यांना राग येईल ना?

येऊ दे. ज्या मेट्रनला प्रश्नांचा राग येतो तिच्या हाताखाली तुम्हाला रजा मागायची आहे, हे लक्षात घ्या. चांगल्या इन्चार्ज उलट खूश होतात.

माझे नेहमीचे प्रश्न असे. रात्री कॅज्युअल्टीत किती खाटांना किती सिस्टर? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स स्वतंत्र लागते, हे सगळे मान्य करतात. पण आयसीयूत बेड नाही म्हणून तो पेशंट सहा तास कॅज्युअल्टीतच पडून राहिला तर त्याची सिस्टर कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर "ॲडजस्ट करतो" असं येतं. त्याचा अर्थ तुम्ही, बाकीच्या पाच पेशंटसकट. वॉर्डात कमी पडलं की कॅज्युअल्टीची सिस्टर उचलून नेतात का? नेत असतील तर परत कधी पाठवतात?

आणि सगळ्यात महत्त्वाचा: रात्री डॉक्टर कोण? इमर्जन्सी मेडिसिनचे एमडी किंवा डीएनबी झालेले डॉक्टर आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत दिवसा असतात. रात्री मात्र अनेक ठिकाणी आरएमओवर (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरवर) भागतं आणि कन्सल्टंट फोनवर. आरएमओ बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी घेतलेला) असेल तर वाईट असं मी म्हणत नाही. मला शिकवणाऱ्यांत तसे दोघं होते आणि त्यांच्यासारखा धीर मी नंतर फार कमी लोकांत पाहिला. प्रश्न असा की पेशंटचा श्वास थांबला तर श्वासनलिकेत ट्यूब कोण टाकणार, आणि ते माणूस इमारतीत आहे की घरी झोपलेलं? फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि त्यावर डॉक्टरची सही कधी होते, हेही विचारा. सकाळी "मी असं सांगितलंच नव्हतं" हे वाक्य मी ऐकलंय. चार्टवर फक्त माझं अक्षर होतं.

पगार किती मागावा?

तुलनेला एक काठी हातात ठेवा. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे, भत्ते वेगळे. खासगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवलं ते असं: २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतकाच पगार, १०० ते २०० खाटांत त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० च्या आत असलं तरी २०,००० च्या खाली नको. शिफारस ती शिफारसच राहिली. पण एचआरच्या खोलीत हे आकडे तोंडपाठ असणाऱ्या मुलीशी वेगळ्या आवाजात बोलतात, हा माझा अनुभव.

सीटीसीवर, म्हणजे कापाकापीआधीच्या एकूण आकड्यावर, जाऊ नका. पीएफ, व्यवसाय कर, हॉस्टेल, जेवण कापून हातात किती पडतात ते लिहून मागा. महिना वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो. नाइट अलाउन्स किती? डबल ड्युटीचे पैसे मिळतात की कॉम्प ऑफ (बदली सुटी)? आणि साठलेले कॉम्प ऑफ खरोखर घेता येतात का? माझे एका ठिकाणी एकवीस जमले होते. राजीनामा दिला तेव्हा ते "लॅप्स" झाल्याचं कळलं.

दोन-तीन हजारांच्या फरकासाठी वाईट कॅज्युअल्टी निवडू नका. तेवढे रिक्षाला जातात.

बॉण्ड मागतात, मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतात. द्यावीत का?

मूळ सर्टिफिकेट देऊ नका. दाखवा, पडताळू द्या, साक्षांकित प्रती द्या, मूळ पिशवीत घालून घरी आणा. पुढे परदेशात जायचं असो की सरकारी जाहिरात निघालेली असो, कागदपत्रांसाठी जुन्या मेट्रनच्या दारात उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. नोटीस पीरियड एक महिना असेल तर ठीक, तीन असेल तर घासाघीस करा. ट्रेनिंगचा खर्च म्हणून आकडा लिहिला असेल तर कुठलं ट्रेनिंग, ते विचारा. वॉर्डात तीन दिवस कुणाच्या मागे फिरवणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे.

एनएबीएच आहे म्हटल्यावर निश्चिंत राहायचं ना?

अर्धंमुर्धं. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता; ती असलेल्या ठिकाणी निदान कागद असतात, आणि कागद असले की भांडता येतं. नर्सिंग एक्सलन्स आणि इमर्जन्सी विभाग यांची त्यांची वेगळी प्रमाणपत्रंही आहेत. ती असतील तर जास्त बरं. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात मात्र कुठलंही हॉस्पिटल बघायला जाऊ नका. लग्नघरात मुलगी बघितल्यासारखं होतं.

नवी मुंबईत केसेस वेगळ्या असतात का?

असतात. दिघा-ऐरोलीपासून तुर्भे-नेरुळपर्यंत ठाणे-बेलापूर पट्ट्याची एमआयडीसी, पलीकडे तळोजा. तिथून केमिकलने भाजलेले, वायू नाकातोंडात गेलेले, मशीनमध्ये बोटं अडकलेले कामगार येतात. सायन-पनवेल रस्ता आणि एक्स्प्रेसवेचे अपघात, उरणकडे बंदरावर जाणारे कंटेनर ट्रेलर. म्हणून वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, कामोठे, कुठेही जा, एक प्रश्न नक्की विचारा: ॲसिड अंगावर पडलेल्या माणसाला धुवायची जागा कुठे आहे? मी एकदा असा माणूस बाहेर गाड्या धुवायच्या पाइपने धुतला जाताना पाहिलाय. पाण्याचा उपयोग झाला, पण त्याच्या अंगावरचं केमिकल आमच्या मावशींच्या पायावर आलं. मोठ्या भाजण्याच्या केसेस ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला पाठवतात. पाठवण्याआधी पेशंट स्थिर कोण करतं आणि ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कोण जातं, तेही कळू दे. "सिस्टर जाते" असं असेल तर मागे कॅज्युअल्टीत कोण उरतं?

एकदम गर्दी उसळली तर काय, हाही खरा प्रश्न आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात उन्हाने माणसं कोसळली आणि आजूबाजूच्या हॉस्पिटलांत एकामागून एक येत राहिली. तुमच्या होणाऱ्या हॉस्पिटलात शेवटचं मास कॅज्युअल्टी ड्रिल (एकदम अनेक जखमी आल्याचा सराव) कधी झालं, पेशंटची गंभीरता दाखवणारे लाल-पिवळे-हिरवे टॅग कुठे ठेवलेत, हे ड्युटीवरच्या ब्रदरला (पुरुष नर्सला) विचारा. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे त्याला माहीत नसेल तर ड्रिल फोटोपुरतं झालंय.

नाइट आणि सेकंड ड्युटीची ये-जा कशी जमवायची?

याला उमेदवार सगळ्यात कमी महत्त्व देतात आणि याच कारणाने सगळ्यात जास्त नोकऱ्या सुटतात. कळवा, मुंब्रा, डोंबिवलीत राहणारी मुलगी वाशीला जॉइन होते, कारण ट्रान्स हार्बर (ठाणे-वाशी लोकल) आहे, चाळीस-पन्नास मिनिटांत पोहोचते. मग सेकंड ड्युटी, म्हणजे दुपारची पाळी, रात्री नऊला सुटते. पुढच्या पाळीला पेशंटची माहिती (ओव्हर) देऊन, रजिस्टर लिहून निघेपर्यंत दहा. ठाण्याला गाडी बदलून पुढे जायचं, आणि रविवारी मेगाब्लॉक. घोडबंदरची गोष्ट आणखी वेगळी: कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंतचा रस्ता कधी वीस मिनिटांचा, कधी सव्वा तासाचा, ते त्या दिवशीच्या खड्ड्यांवर ठरतं.

म्हणून विचारा: हॉस्पिटलची गाडी आहे का, ती स्टेशनपर्यंत की घरापर्यंत, आणि ड्युटी लांबली तर थांबते का? हॉस्टेल असेल तर ते स्वतः बघा. नाइट करून आल्यावर दुपारी झोपता येईल अशी खोली आहे का? एका खोलीत सहा जणी, तिघींची मॉर्निंग आणि तिघींची नाइट असेल तर कुणीच झोपत नाही. झोप नसलेल्या सिस्टरच्या हातात पोटॅशियमची ॲम्प्युल, जिच्या चुकीच्या डोसने हृदय थांबू शकतं, याहून भीतिदायक चित्र माझ्याकडे नाही.

नातेवाइकांनी अंगावर हात टाकला तर?

राज्यात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. नर्सही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र; तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, आणि मोडतोडीची भरपाई दुप्पट. पाटी सगळ्या हॉस्पिटलांत लावलेली असते. पण पाटी तक्रार करत नाही.

माझ्यावर एकदा सलाइन स्टँड फेकला गेला. पेशंट येतानाच गेलेला होता, मुलगा वेडापिसा झाला होता. त्याचं दुःख मला कळलं. कळलं नाही ते दुसऱ्या दिवशीचं. ॲडमिनने चहा पाजून सांगितलं, "सिस्टर, जाऊ द्या, नाव खराब होतं." तक्रार द्यायची तर एकटीने द्या, असा त्याचा अर्थ होता. त्या नोकरीचा मी दोन महिन्यांत राजीनामा दिला. तेव्हापासून इंटरव्ह्यूत थेट विचारते: असं झालं तर पोलिसांत तक्रार हॉस्पिटल देणार की मी? रात्री कॅज्युअल्टीच्या दारात गार्ड किती, त्यांत बाई आहे का? अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का?

सुई टोचली तर कोण बघतं?

जॉइन होण्याआधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस आणि त्यानंतरचं टायटर (लस लागू पडली का हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. हॉस्पिटल फुकट देत असेल तर उत्तम, नसेल तर तेही त्यांच्याबद्दल काही सांगून जातं. एचआयव्हीसाठीची औषधं ७२ तासांच्या आत, आणि खरं तर दोन तासांत सुरू व्हायला हवीत. ती रात्री कुठे मिळतात? "सकाळी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आल्यावर" हे उत्तर चालणार नाही. टोचलं की लपवू नका, "तुझंच लक्ष नव्हतं" म्हणणारी एखादी भेटेलच.

कोर्स कुठले करावेत, आणि पैसे कुणी भरायचे?

बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स. दोन्हींची कार्डं दोन वर्षांनी संपतात. भरपूर अपघाताच्या केसेस घेणाऱ्या ठिकाणी ट्रॉमाचा कोर्स, लहान मुलं जास्त येत असतील तर त्यांच्यासाठीचा पीएएलएस. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा इमर्जन्सी आणि डिझास्टर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे, तो मी दोन-तीन वर्षं काम केल्यावर करायला सांगेन. आधी केला तर त्यातलं निम्मं डोळ्यांसमोर उभंच राहत नाही. चांगली हॉस्पिटलं एसीएलएसचे पैसे स्वतः भरतात, त्या दिवसाची ड्युटीही धरतात. ऑफच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने, वर बॉण्ड? मग नको.

दुसऱ्या राज्यातून शिकून आलेय. चालेल?

चालेल, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आल्यावर. नोंदणीशिवाय "तोपर्यंत असिस्टंट म्हणून या" सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. काम नर्सचं करून घेतात, पगार असिस्टंटचा देतात, आणि काही बिघडलं तर तुम्ही कुणीच नसता.

मी ब्रदर आहे. कॅज्युअल्टीत मुलांना घेतात का?

हाताला धरून घेतात. उचलायला आणि नातेवाइकांना आवरायला, असं त्यांच्या मनात असतं. पहिल्याच दिवशी सांगा की मी नर्स आहे, बाउन्सर नाही.

लहान मूल आहे. जमेल?

इन्चार्ज बरी असेल तर जमतं. मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर देणं कायद्याने बंधनकारक. बहुतेक ठिकाणी ते पाळणाघर म्हणजे कुलूप लावलेली एक खोली. किल्ली मागून बघा.

जॉइनिंगच्या दिवशी काय घेऊन जाऊ?

रजिस्ट्रेशनची प्रत, टायटरचा रिपोर्ट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कात्री, डबा. पेनं तीन न्या. एक आरएमओ नेतात, एक पोलिस एमएलसी (पोलिस केसची नोंद) लिहायला मागतात.